लाखभर उपकरणं, पाच देश, दहा वर्षं: सिम कुठलं घ्यावं?

ध्रुवतारा
मंडळी, आराखडा कागदावर असतानाच विचारतोय. बॅटरीवरचे १,२०,००० पाण्याचे मीटर आणि थेट विजेवर चालणारे ३०,००० पंप-नियंत्रक. देश पाच: भारत, ब्राझील, तुर्कस्तान, जर्मनी, अमेरिका. आयुष्य १० वर्षं धरलंय. मीटर दिवसातून एकदा २०० बाइटच्या आसपास पाठवेल, पंप दर ५ मिनिटांनी. शिवाय पंपाला सर्व्हरकडून चालू-बंदचा हुकूमही जायला हवा.

माझं मत असं की सगळ्यात एकच जागतिक रोमिंग सिम घालावं. एक करार, एक पोर्टल, एक बिल, कारखान्यात एकच पार्ट नंबर. देशागणिक वेगळं सिम घेतलं तर पाच करार आणि पाच साठे सांभाळायचे, वर चुकीची पेटी चुकीच्या देशात जायची धास्ती. या विचारात खोट कुठे आहे?

बिनतारी
खोट पहिल्याच वाक्यात आहे. रोमिंग हे प्रवाशासाठी आहे. मीटर प्रवास करत नाही, भिंतीला बसतो तो दहा वर्षं तिथेच. याला कायमस्वरूपी रोमिंग म्हणतात, आणि तुमच्या यादीतल्या देशांत ते चालत नाही किंवा अडखळत चालतं.

ब्राझील: तिथला दूरसंचार नियामक अनाटेल कायमस्वरूपी रोमिंगला परवानगी देत नाही. तिथलंच प्रोफाइल, म्हणजे सिमवरची ऑपरेटरची ओळख आणि किल्ल्या, लागतं.

तुर्कस्तान: इथे दोन वेगळे नियम आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. परदेशातून आलेल्या उपकरणाचा आयएमईआय (प्रत्येक मोबाइल उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) तिथे नोंदवलेला नसेल तर १२० दिवसांनंतर तो नेटवर्कवर अडवला जातो. हा झाला एक. दुसरा ई-सिमचा (ज्यावर प्रोफाइल दुरून बदलता येतं असं सिम): तिथल्या नियामकाने, म्हणजे बीटीकेने, २०१९ मध्ये ई-सिमची दूरस्थ व्यवस्था देशातच आणि स्थानिक ऑपरेटरांकडेच असावी असं ठरवलं. म्हणजे युरोपात बसवलेल्या सर्व्हरवरून तिथल्या मीटरचं प्रोफाइल बदलायचा बेत आधीच बाद.

भारत: यंत्रांच्या सिमसाठी दूरसंचार विभागाच्या वेगळ्या सूचना आहेत, त्यावर खाली स्वतंत्र लिहितो.

अमेरिका: तिथे अडचण कायद्यापेक्षा करारांची. स्थानिक नेटवर्कला महिनोन् महिने हलत नसलेलं परदेशी सिम दिसलं की करारातल्या कलमावर बोट ठेवून ते बंद करता येतं.

जर्मनी त्यातल्या त्यात सोपं. पण तिथेही "चालतं" आणि "करारात लिहून दिलंय" यांत फरक आहे. लिहून घ्या.

टाचण
वाचनखूण साठवली.

मीटरवाचक
बिनतारी सरांशी पूर्ण सहमत नाही. जागतिक सिम म्हणजे निव्वळ रोमिंगच असं कुठे आहे? बहु-आयएमएसआय सिम घ्या (आयएमएसआय म्हणजे नेटवर्क ग्राहकाला ज्यावरून ओळखतं तो सिमवरचा क्रमांक). एकाच सिममध्ये पाच-सहा आयएमएसआय, त्यातला ब्राझीलचा स्थानिक. सिमवरचं ॲपलेट, म्हणजे छोटा प्रोग्राम, देशाचा कोड वाचतं आणि योग्य तो आयएमएसआय पुढे करतं. पार्ट नंबर एकच राहतो, ध्रुवतारांना हवं तेच.

बिनतारी
मीटरवाचक, चालतं, मात्र गाठ एकाच पुरवठादाराशी पडते. ॲपलेट त्याचं, किल्ल्या त्याच्या, ब्राझीलमधला करारही त्याचाच. सहाव्या वर्षी तो करार तुटला तर तुमच्या हातात बदलायला काहीच उरत नाही. प्रमाणित ई-सिममध्ये निदान दुसऱ्याचं प्रोफाइल उतरवता येतं. दोन-तीन वर्षांच्या उपकरणाला बहु-आयएमएसआय छान. जमिनीत पुरलेल्या मीटरला मी नाही सुचवणार.

आता भारत. १६ मे २०१८ च्या सूचनांचा आराखड्यावर थेट परिणाम होतो:

- डेटा फक्त ठरवून दिलेल्या एपीएनवरून (मोबाइल नेटवर्कमधून बाहेर जायचं दार), आणि आधी कळवलेल्या सार्वजनिक आयपी पत्त्यांकडेच. कॉल आणि एसएमएससुद्धा आधी ठरवलेल्या क्रमांकांपुरते.
- सिम संस्थेच्या नावावर, पण प्रत्येक यंत्र कोणाच्या ताब्यात आहे त्याची अद्ययावत नोंद सेवा देणाऱ्याने ठेवायची. मीटर एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे गेला की नोंद बदलायला हवी.
- क्रमांक १३ आकडी. १ जुलै २०१८ पासून नवी यंत्रसिमं याच मालिकेत.
- फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एम२एम (यंत्र-ते-यंत्र) सेवा पुरवठादार म्हणून दूरसंचार विभागाकडे नोंदणी.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त नडतो. तुमचा सर्व्हर क्लाउडमध्ये लोड बॅलन्सरच्या मागे असेल तर आयपी बदलत राहतो. फर्मवेअर (उपकरणातला प्रोग्राम) एखाद्या वितरण जाळ्यावरून उतरवायचं ठरवलं असेल तर तिथले पत्ते शेकड्यांनी. चाचणीच्या साध्या सिमवर सगळं व्यवस्थित चालतं, खरं यंत्रसिम घातलं की रोजचं वाचन पोहोचतं आणि फर्मवेअर मात्र कधीच उतरत नाही. उपाय असा: खाजगी एपीएन, ऑपरेटरपासून तुमच्या सर्व्हरपर्यंत आयपीसेक बोगदा (कूटबद्ध जोडणी), आणि वाचन, फर्मवेअर, वेळ जुळवणं, नावनिराकरण (डीएनएस) हे सगळं त्याच बोगद्यातून. उपकरणाच्या फर्मवेअरमध्ये बाहेरचा एकही पत्ता राहता कामा नये. सार्वजनिक एनटीपी (वेळ सांगणारा) सर्व्हर हमखास विसरला जातो. तो अडला की घड्याळ चुकतं, घड्याळ चुकलं की प्रमाणपत्राची मुदत "संपलेली" दिसते आणि टीएलएस (सुरक्षित) जोडणीच होत नाही. नोंदींमध्ये मात्र दोष प्रमाणपत्राचा दिसतो.

रानजाई
बिनतारी सर, यात एक भर. ट्रायने मार्च २०२४ मध्ये यंत्रांतल्या ई-सिमवर शिफारशी दिल्या. परदेशी प्रोफाइलसह आलेल्या उपकरणाचं प्रोफाइल सहा महिन्यांत किंवा मालकी बदलेल तेव्हा, यातलं जे आधी होईल तेव्हा, भारतीय ऑपरेटरचं करून घ्यावं असं त्यात आहे. शिफारस आणि आदेश यांत फरक असतो हे खरं, पण दहा वर्षांचा आराखडा करताना वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते यातून कळतं. म्हणून ध्रुवतारा, प्रत्येक देशासाठी एक पानी तक्ता करा: रोमिंगची मुदत, क्रमांकाची मालिका, आयएमईआय नोंदणी, सेवा पुरवठादाराची नोंदणी, सिमधारकाची ओळख, डेटा कुठे ठेवायचा, उपकरणाची मान्यता, कर. आणि शेवटच्या रकान्यात "पुन्हा कधी तपासायचं" ती तारीख.

तारखेचा रकाना का, तर ब्राझीलचंच बघा. डिसेंबर २०२० च्या कायद्याने यंत्रसिमवरचं फिस्टेल (दूरसंचार देखरेख निधीचं) शुल्क शून्य केलं, पण ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच. कोणी २०२१ चा खर्चाचा तक्ता पुढच्या दहा वर्षांना तसाच चिकटवला तर हिशेब फसणारच.

कोरडा_सेल
१३ आकडी क्रमांकावरून आठवलं. तुमच्या डेटाबेसमध्ये मोबाइल क्रमांकाचा रकाना १० आकडीच असेल, आत्ताच बघून घ्या. त्याहून घातक म्हणजे स्प्रेडशीट. सिमचा अनुक्रमांक, म्हणजे आयसीसीआयडी, १९-२० आकडी, ई-सिम चिपचा ईआयडी ३२ आकडी. स्प्रेडशीट १५ आकड्यांपुढचे सगळे शून्य करून टाकते. पुरवठादाराची फाइल कोणी नुसती उघडून साठवली की हजारो सिमांची ओळख कायमची गेली. रकाना आधी मजकूर प्रकारचा करा, मगच फाइल आत घ्या.

टाचण
१३ आकडी नंबर पाठ असणाऱ्या मीटरला आमच्याकडून नारळ!

मीटरवाचक
बरं, ई-सिम ठरलं असं धरू. पण कुठलं? नुसतं "ई-सिम" म्हणून खरेदी आदेश काढला तर कपाळाला हात लावायची वेळ येईल.

एसजीपी.०२: यंत्रांसाठीचं जुनं मानक. सर्व्हर ढकलतो, उपकरण स्वीकारतं. त्यासाठी बहुधा एसएमएसने जागं करावं लागतं. अनेक एनबी-आयओटी (थोडा डेटा पाठवणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या यंत्रांसाठीच्या) जाळ्यांवर एसएमएसच नसतो. वर ऑपरेटर बदलायचा तर एसएम-एसआर नावाचा, प्रोफाइल सांभाळणारा सर्व्हर दोन बाजूंनी जोडून घ्यावा लागतो, आणि ते काम महिन्यांचं.

एसजीपी.२२: फोनसाठीचं. पडदा आणि माणसाचं बोट हवं. मीटरला दोन्ही नाही.

एसजीपी.३२: यंत्रांसाठीचं नवं, २०२३ मध्ये आलेलं. यात ईआयएम नावाचा व्यवस्थापक लाखो उपकरणांना एकगठ्ठा आज्ञा देतो, एसएमएसवर अवलंबून नाही, कमी बाइटांच्या प्रोटोकॉलवरही चालतं. ध्रुवतारांच्या कामाला हेच. खरेदी करताना ईआयएम बदलता येईल का, हे मात्र विचारा. नाहीतर एका खुंटीवरून सोडवून दुसऱ्या खुंटीला बांधल्यासारखं होईल.

बिनतारी
आणि सुरुवातीचं प्रोफाइल. उपकरण पहिल्यांदा ज्यावर जागं होतं ते बहुधा रोमिंगचंच असतं आणि तेच राखीव म्हणूनही ठेवतात: स्थानिक प्रोफाइल बंद पडलं तर आपोआप त्यावर परत. कागदावर हे सुरक्षित वाटतं. पण ब्राझीलमधला मीटर राखीव प्रोफाइलवर गेला आणि तिथेच राहिला की पुन्हा कायमस्वरूपी रोमिंग सुरू. म्हणून किती उपकरणं राखीववर आहेत याचा रोजचा आकडा आणि मुदत ओलांडणाऱ्यांची यादी हवी. राखीव प्रोफाइलचा करारही दहा वर्षांचाच हवा. तीन वर्षांत संपणाऱ्या राखीव प्रोफाइलवर मदार ठेवली तर उरलेली सात वर्षं पडत्याला आधार नाही.

ध्रुवतारा
इतकं तपशिलात मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. एकच रोमिंग सिम हा विचार सोडला. आता रेडिओबद्दल विचारतो: मीटरला एनबी-आयओटी, पंपाला एलटीई-एम (यंत्रांसाठीचंच, पण जरा वेगवान), असं ठरवत होतो. बरोबर?

कोरडा_सेल
मीटरला एनबी-आयओटी ही पुस्तकी निवड झाली. जमिनीखाली पोहोच चांगली, जीएसएमच्या १४४ डेसिबलसमोर १६४ डेसिबलपर्यंतचं नुकसान सोसतं. पण पाच देशांत दहा वर्षं टिकेल का? जपानमध्ये डोकोमोने २०२० मध्येच एनबी-आयओटी बंद केलं. अमेरिकेत एटी अँड टीने २०२५ च्या सुरुवातीला. शिवाय एनबी-आयओटीचे रोमिंग करार कमी, म्हणजे राखीव प्रोफाइलला जागाच मिळणार नाही. मॉड्यूल निदान एनबी-आयओटी आणि एलटीई-एम दोन्ही चालणारं घ्या आणि कुठल्या देशात कुठलं, ते फर्मवेअरमधून ठरवा.

बॅटरीचं गणितही नेटवर्क देतं त्यावर करा, तुम्ही मागता त्यावर नाही. झोपेसाठी पीएसएम (वीज वाचवायची गाढ झोप) मागितलं, टी३४१२ ची, म्हणजे जागं होऊन हजेरी द्यायची, मुदत २४ तास सांगितली, तरी नेटवर्क १ तास देऊ शकतं, किंवा पीएसएम देतच नाही. मॉडेमला एटी+सीईआरईजी=४ ही आज्ञा दिल्यावर प्रत्यक्ष मिळालेल्या मुदती दिसतात. प्रत्येक देशात, प्रत्येक ऑपरेटरवर हे तपासा, आणि राखीव प्रोफाइलवर वेगळं तपासा. मागितलेल्या आणि मिळालेल्या आकड्यांतल्या फरकानेच दहा वर्षांची बॅटरी तीन वर्षांवर येते.

रानजाई
पंपासाठी मी एलटीई-एमपेक्षा कॅट-१ बिस (कमी वेगाचं साधं ४जी) घेईन. एक अँटेना पुरते, साध्या ४जी जाळ्यावर चालतं, ऑपरेटरने वेगळं काही बसवायची गरज नाही. वीज हाताशी असताना झोपेची काटकसर कशाला? आणि "४जी नसेल तिथे २जी" म्हणून २जीचा आधार ठेवणार असाल तर देश बघा. भारतात जिओकडे २जी कधी नव्हतंच. अमेरिकेत एटी अँड टीने २०१६ अखेर बंद केलं. जर्मनीत ३जी २०२१ मध्ये गेलं, २जी अजून आहे, पण डॉइशे टेलिकॉमने २०२८ च्या मध्यापर्यंतचीच मुदत सांगितली आहे. २जीचा रेडिओ ठेवला तर २ अँपिअरच्या धक्क्यांसाठी वीजपुरवठाही तसाच जाड लागतो. जो आधार आयुष्याच्या मध्यावरच जाणार, त्यासाठी बोर्ड महाग का करायचा?

मीटरवाचक
रानजाईताईंचं पटलं. डोंगराळ भागातल्या पंपांपुरतं मी मत राखून ठेवतो. तिथे आधी प्रत्यक्ष मोजणी. आणि मोजणी मीटरच्या खड्ड्यात, लोखंडी झाकण लावून. उघड्या खड्ड्यावर फोन धरून घेतलेल्या मोजणीचा काही उपयोग नाही.

बिनतारी
सगळ्यात जास्त उपकरणं कशाने मरतात ते अजून कोणी लिहिलं नाही. नेटवर्क असतं, सिम चालू असतं, आणि उपकरण प्रयत्नच करत नाही.

असं होतं: एखाद्या ऑपरेटरला तुमचं सिम विशिष्ट जाळ्यावर जायला हवं असतं, म्हणून तो बाकीच्या जाळ्यांवर मुद्दाम नकार देतो. किंवा सिम पोर्टलवर चालू व्हायच्या आधीच उपकरणाला वीज दिली जाते. नेटवर्क नकाराबरोबर कारण क्रमांक पाठवतं. ११ आला, म्हणजे "हे नेटवर्क तुला नाही", तर उपकरण त्या नेटवर्कचा कोड निषिद्ध यादीत टाकतं. ही यादी सिमवर असते, त्यामुळे वीज बंद-चालू करूनही पुसली जात नाही. ७ किंवा ८ आला तर उपकरण सिमच बाद समजतं आणि वीज बंद होईपर्यंत गप्प बसतं. बॅटरीवरच्या मीटरची वीज कोण बंद करणार? दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने चूक दुरुस्त केली तरी मीटर मुकाच.

फर्मवेअरमध्ये दोन गोष्टी घाला. ठरावीक वेळ, समजा ४८ तास, जोडणी मिळाली नाही तर मॉडेमची वीज पूर्ण तोडून पुन्हा द्यायची. नुसता रीसेट नको, वीज तोडणारा स्विच बोर्डवर हवा. आणि त्याच वेळी मॉडेमला ही आज्ञा देऊन निषिद्ध यादी पुसायची: एटी+सीआरएसएम=२१४,२८५३९,०,०,१२ आणि पुढे अवतरणात २४ वेळा एफ. २८५३९ हा त्या फाइलचा क्रमांक, १२ बाइट म्हणजे चार नेटवर्कांची जागा. हे रोज करू नका, कारण खरोखरच मनाई असलेल्या जाळ्याचं दार सारखं ठोठावणं ऑपरेटरला खपत नाही. आणि २२ आला, म्हणजे गर्दी, तर नेटवर्कने दिलेली थांबण्याची मुदत पाळा. जीएसएमए या मोबाइल ऑपरेटरांच्या संघटनेच्या टीएस.३४ या दस्तऐवजात उपकरणाने कसं वागावं ते सविस्तर आहे.

कोरडा_सेल
गर्दीवरून: पंप. एका भागात ८,००० पंप आहेत, वीज गेली, परत आली. सगळे एकाच मिनिटात जोडणी मागतात, सेकंदाला १३३. नेटवर्क नकार देतं, सगळे ३० सेकंदांनी पुन्हा एकदमच. प्रत्येकाला ० ते २० मिनिटांत यादृच्छिक विलंब दिला तर सेकंदाला सातच्या आत. पण यादृच्छिक आकड्याचं बीज आयएमईआयवरून घ्या. बीज दिलंच नाही तर सगळी उपकरणं एकच "यादृच्छिक" आकडा काढतात आणि ८,००० पंप नेमके ११ व्या मिनिटाला एकदम उठतात. मीटरचं रोजचं वाचनही मध्यरात्री १२ वाजता नको, चोवीस तासांवर पसरा.

ध्रुवतारा
पंपाला हुकूम द्यायचाय, तो दर ५ मिनिटांच्या संदेशावर स्वार होऊन जाईल ना?

मीटरवाचक
तेवढा उशीर चालत असेल तर जाईल. लगेच पोहोचवायचा असेल तर मधल्या पत्ता-भाषांतराचं (आतला आयपी पत्ता बाहेरच्या पत्त्याशी जुळवणाऱ्या एनएटीचं) घड्याळ आडवं येतं. यूडीपी संदेशांसाठी परतीची वाट किमान २ मिनिटं उघडी ठेवावी असं मानक सांगतं, ऑपरेटर त्याहूनही लवकर कापतात. तुमचा संदेश ५ मिनिटांनी, म्हणजे मधली निदान तीन मिनिटं सर्व्हरचा हुकूम हवेत विरणार. खाजगी एपीएनवर स्थिर आयपी घेतला की हा प्रश्न मिटतो.

आणि जोडणी टिकवा. दर वेळी नवी टीएलएस जोडणी ५ किलोबाइटची धरली तर दिवसाला २८८ वेळा म्हणजे १.४ मेगाबाइट, महिन्याला ४३. तीच जोडणी टिकवली तर संदेशागणिक ४०० बाइट धरून महिन्याला साडेतीन. गुणिले ३०,००० करा आणि मग करार करा.

रानजाई
फर्मवेअरचाही हिशेब त्यातच. ४०० किलोबाइटची पूर्ण प्रतिमा गुणिले १,२०,००० म्हणजे ४८ गिगाबाइट. कमकुवत सिग्नलवर एनबी-आयओटीला सेकंदाला १ किलोबिटच मिळालं तर एका मीटरला सुमारे ५३ मिनिटं रेडिओ चालू. फक्त बदललेला भाग पाठवायची सोय पहिल्या दिवसापासून हवी, नंतर जोडता येत नाही.

मान्यतांबद्दल एकच: मॉड्यूलला प्रमाणपत्र आहे म्हणजे उपकरणाला आहे असं नाही. अँटेना तुमची, पेटी तुमची. अमेरिकेत सरकारी एफसीसी मान्यतेखेरीज ऑपरेटर पीटीसीआरबी प्रमाणपत्रही मागतात, भारतात टीईसीचं (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचं) एमटीसीटीई प्रमाणपत्र, ब्राझीलला अनाटेलची मान्यता, युरोपात रेडिओ उपकरणांच्या निर्देशातल्या सायबर सुरक्षेच्या अटी १ ऑगस्ट २०२५ पासून लागू. सगळ्यांना एकच ठाम बोर्ड लागतो. अँटेना बदलली की चाचण्या पुन्हा. म्हणून सिमचा प्रकार, रेडिओ आणि वीज तोडणारा स्विच हे बोर्ड गोठवायच्या आधी ठरायला हवं.

ध्रुवतारा
आत्तापर्यंतचा बदललेला आराखडा: बोर्डावर डकवलेलं एमएफएफ२ ई-सिम, एसजीपी.३२. भारत, ब्राझील, तुर्कस्तानात स्थानिक प्रोफाइल, अमेरिकेतही स्थानिक करार, जर्मनीत लेखी मुभा मिळाली तरच रोमिंग. मीटरला एनबी-आयओटी अधिक एलटीई-एम, पंपाला कॅट-१ बिस. सगळीकडे खाजगी एपीएन. तुर्कस्तानचं प्रोफाइल कारखान्यातच घालावं की तिथे पोहोचल्यावर?

बिनतारी
कारखान्यातच, आणि तुर्कस्तानचा गठ्ठा वेगळा ठेवा. तिथल्या अटींमुळे एकच पार्ट नंबर हा हट्ट त्या एका देशापुरता सोडावा लागेल. आयएमईआयची नोंदणीही माल बंदरावर पोहोचण्याआधी मार्गी लावा, १२० दिवस गोदामात आणि बसवण्यात सहज जातात.

कोरडा_सेल
कारखान्यात ईआयडी, आयएमईआय आणि मीटरचा अनुक्रमांक ही तिन्ही एकाच टप्प्यावर, मॉडेमकडूनच वाचून जुळवा. स्टिकरवरून नको. सिम त्याच आयएमईआयला बांधून घ्या, म्हणजे पंपातून कोणी काढून दुसरीकडे वापरू शकणार नाही. आणि ऑपरेटरला सांगून सिम चाचणी अवस्थेत मागवा: थोडा डेटा मोफत, तो ओलांडला की बिल सुरू. चाचणीत पूर्ण फर्मवेअर उतरवून बघणार असाल तर ती मर्यादा ४०० किलोबाइटपेक्षा जास्त आहे ना ते आधी विचारा, नाहीतर १,५०,००० सिमांचं भाडं गोदामातच सुरू होईल.

ध्रुवतारा
विचारलं नव्हतं. उद्याच विचारतो.